आयुष्याचा अर्थ कळेपर्यंत बाकी सगळं थांबवायचं का?

पत्र थोडक्यात: पत्र पाठवणाऱ्या ताई पुण्यात असतात, वय ४१, घरी नवरा आणि आठवीतला मुलगा. कॉलेजच्या वयात जर्मन शिकल्या आणि तेव्हापासून टेक्निकल ट्रान्सलेशनच्या नोकरीत आहेत, पंप, कॉम्प्रेसर, पॅकिंग मशीन यांची जर्मन मॅन्युअल्स इंग्रजीत आणायची. अलीकडे काम बदललंय, पहिला ड्राफ्ट मशीन करतं आणि यांनी तो तपासून दुरुस्त करायचा, म्हणजे पोस्ट-एडिटिंग. मागच्या वर्षी त्यांची आई गेली. त्यानंतर रात्री झोप लागेना म्हणून जर्मन पुस्तकं वाचायला घेतली, आधी नीत्शे, मग डिल्टाय, मग झिमेल, म्हणजे जर्मनीत ज्याला लेबेन्सफिलॉसॉफी म्हणतात तो जीवनाच्या तत्त्वज्ञानाचा प्रवाह. आता त्यांना वाटतंय की आपण आजवर जगलोच नाही, नुसती वाक्यं तपासत बसलो. नोकरी सोडून पूर्ण वेळ फिलॉसॉफी शिकावी, जमलं तर जर्मनीला जाऊन, असं मनात आहे. नवरा म्हणतो मुलाची दहावी होऊ दे. वडील म्हणतात आपल्याकडे गीता-उपनिषदं असताना अर्थ शोधायला जर्मनांकडे कशाला जातेस. त्यात त्यांनी कुठेतरी वाचलं की हा प्रवाह पुढे नाझींच्या विचारांना जाऊन मिळाला, त्यामुळे ज्यातून धीर मिळाला तेच वाईट होतं की काय अशी धास्ती बसलीये. त्यांचा शेवटचा प्रश्न असा: ‘आयुष्याला अर्थ काय हे आधी कळल्याशिवाय मी पुढचा कुठलाही निर्णय कशाच्या जोरावर घेऊ?’

ताई,

फिलॉसॉफीच्या आधी झोपेचं विचारते. आई गेल्यापासून झोप लागत नाही हे तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात आणि बाकी सगळं पत्र विचारांबद्दल आहे, पण माझी नजर त्या ओळीवरच अडकली. इतके महिने नीट झोप नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, पूर्वी आवडायचं ते करायला घेतलं तरी आत काहीच हलत नसेल, तर ते दुःख असू शकतं, डिप्रेशन असू शकतं, थायरॉइडसारखं शरीराचं काही असू शकतं, चाळिशीनंतर हार्मोन्सचीही उलथापालथ चालू होते, आणि या प्रत्येकात ‘कशालाच अर्थ नाही’ असं अगदी मनापासून वाटतं. ते वाटणं खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण त्यावर डिल्टाय वाचणं हा उपचार नाही, तेही रात्री दीड वाजता. या आठवड्यात फॅमिली डॉक्टरकडे जाऊन झोपेचं सांगा, ते म्हणाले तर सायकियाट्रिस्टला भेटा, आणि पुस्तकं दुपारी वाचा. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, जगणंच नको असं मनात येत असेल तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोला, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

आता तुमचा प्रश्न. त्यात तुम्ही एक क्रम गृहीत धरलाय, आधी अर्थ आणि मग जगणं. कुठेतरी अर्थ तयार आहे, तो एकदा हाताला लागला की नोकरी, मुलगा, जर्मनी हे सगळे प्रश्न त्याच्या उजेडात सुटतील, असं काहीसं. हा क्रम तुम्हाला कुठून मिळाला माहीत नाही, पण तुम्ही ज्यांना वाचताय त्यांच्यातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस, डिल्टाय, तो तर याच्या उलट सांगतो.

डिल्टाय १८३३ चा, ऱ्हाईनकाठच्या बीब्रिश गावचा, पाद्र्याचा मुलगा, पुढे बर्लिनला प्रोफेसर झाला. त्या काळात फिजिक्स, केमिस्ट्री, फिजिऑलॉजी सगळं जोरात होतं आणि माणसाचं मनसुद्धा त्याच पद्धतीनं, कारण आणि परिणाम जोडत जोडत, उलगडून दाखवता येईल असं पुष्कळ जणांना वाटत होतं. १८९४ मध्ये त्यानं ते वाक्य लिहिलं जे तुम्ही पत्रातही दिलंय, की निसर्गाचं आपण स्पष्टीकरण करतो आणि मनाचं जगणं आपण समजून घेतो. पण त्यातून तुम्ही असं काढलंत की बुद्धी म्हणजे जगण्याची वैरीण, आणि आपण आयुष्यभर बुद्धीचं काम केलं म्हणजे आयुष्य फुकट गेलं. तसं तो म्हणत नाही हो. समजून घेणं हेही कष्टाचं, शिस्तीचं, बुद्धीचं काम आहे, आणि ते कसं चालतं यावर त्यानं उभं आयुष्य घालवलं. त्याचं म्हणणं असं की एखाद्या प्रसंगाला अर्थ येतो तो बाकीच्या आयुष्याशी त्याचं जे नातं असतं त्यामुळे, आणि बाकीचं आयुष्य कळतं ते अशा प्रसंगांमधूनच, म्हणजे भागावरून पूर्ण आणि पूर्णावरून भाग अशी ये-जा चालूच राहते. मग पूर्ण अर्थ हातात कधी येणार? शेवटच्या वर्षांतल्या टिपणांत त्यानं लिहून ठेवलंय की त्यासाठी आयुष्य संपेपर्यंत थांबावं लागेल, मरणाच्या घटकेलाच ते सगळं एकत्र बघता येईल, आणि इतिहासाचा पूर्ण अर्थ हवा असेल तर इतिहास संपायची वाट बघावी लागेल. हे तो रडत नाही सांगत. तोवर आपल्याकडे जे असतं ते वाचन चालू असतानाचं आकलन, आणि नवीन काही घडलं की ते बदलतं, पुढचं बदलतं तसं मागचंही बदलतं.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार कारण तुमच्या हाताखालून असली जर्मन वाक्यं रोज जातात, तीन पोटवाक्यं आणि क्रियापद अगदी शेवटी, तोपर्यंत झडप उघडायची की बंद करायची ते ठरत नाही. पण म्हणून तुम्ही शेवट येईपर्यंत डोळे मिटून बसत नाही, पहिल्या शब्दापासून अंदाज बांधत जाता, पुढे गेल्यावर मागचा अंदाज दुरुस्त करता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. निर्णय त्या अर्ध्या वाचनाच्या जोरावरच घ्यायचे असतात, सगळ्यांनीच तसे घेतलेत. डिल्टायचंच बघा. जर्मन धर्मचिंतक श्लायरमाखरच्या चरित्राचा पहिला खंड १८७० ला आला, पुढचा त्याच्या हातून पुरा झाला नाही. मानव्यविद्यांच्या, म्हणजे माणसाचा आणि समाजाचा अभ्यास करणाऱ्या विषयांच्या, प्रस्तावनेचा पहिला खंड १८८३ ला आला, दुसरा त्याच्या हयातीत आलाच नाही. १९११ मध्ये साउथ टायरोलमध्ये तो गेला तेव्हा मागे हस्तलिखितांचे ढीग होते, ते पुढे शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी लावत आणले आणि त्याच्या समग्र लेखनाचे २६ खंड झाले. ‘पूर्ण’ हाती नसताना हा माणूस इतकी वर्षं काम करत राहिला.

आणि ‘मी आजवर जगलेच नाही’ हे तुमचं वाक्य, तेही एक वाचनच आहे, आई गेल्याच्या वर्षात केलेलं. अशा वर्षात मागचं सगळं वेगळं दिसतं, आई असताना ज्या दिवसांत काही विशेष नव्हतं तेच दिवस आता सगळ्यात मोठे वाटतात आणि ऑफिसात गेलेले तास चोरीला गेल्यासारखे वाटतात. हे वाचन आत्ताच फायनल करू नका एवढीच माझी विनंती आहे. तीन वर्षांनी तुम्ही हीच वर्षं वेगळी वाचाल. चांगलीच वाचाल अशी खात्री मी देत नाही, पण वेगळी नक्की वाचाल.

आता झिमेल, कारण तुमच्या नोकरीचं दुखणं मला त्याच्याकडून जास्त नीट कळतं. त्यानं १९०७ साली नीत्शे आणि त्याच्या आधीचा जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर यांच्यावरची व्याख्यानं छापली आणि सुरुवातीलाच एक प्रश्न घेतलाय की माणसं मुळात ‘सगळ्या आयुष्याचा अर्थ काय’ असं कधी विचारायला लागतात. त्याचं उत्तर असं की साध्या समाजात इच्छा आणि तिची पूर्ती यांच्यात एक-दोन पायऱ्या असतात, संस्कृती वाढत जाते तशा पायऱ्या वाढत जातात, साधनासाठी साधन, त्या साधनासाठी आणखी साधन, आणि माणूस या साखळीच्या मधल्या कुठल्यातरी कडीवर उभा राहतो जिथून दुसरं टोक दिसत नाही. युरोपात ख्रिस्ती धर्मानं एक शेवटचं टोक दिलं होतं, तो विश्वास ढिला पडला, पण टोक हवंच अशी लागलेली सवय गेली नाही, आणि त्या रिकाम्या जागेतून हा प्रश्न येतो. सात वर्षं आधी पैशाच्या तत्त्वज्ञानावरच्या मोठ्या पुस्तकात त्यानं हेच पैशाबद्दल दाखवलं होतं, जे निव्वळ साधन तेच साध्य होऊन बसतं.

मी हे तुम्हाला का सांगतेय, तर तुम्ही हा प्रश्न स्वतःचा दोष समजताय. बाकीच्यांना जमतं, मलाच जमत नाही, असा सूर आहे पत्रात. पण तुमचं काम बघा, जर्मनीतल्या कुठल्या तरी कंपनीचा पंप, त्याचं मॅन्युअल कुठल्या एजन्सीमार्फत तुमच्याकडे, तुम्ही तपासलेलं पुढे कुणाकडे, आणि शेवटी कुठल्या प्लांटमध्ये कुठला टेक्निशियन ते उघडून बघणार तो तुम्हाला आयुष्यात दिसणार नाही. पूर्वी निदान वाक्य तुमचं असायचं, त्याच्याशी झटापट करण्यात दिवस जायचा आणि जमलं की आनंद व्हायचा. आता वाक्य मशीनचं, तुम्ही चुका काढायच्या. साखळी तीच आहे पण तुमच्या कडीत जो थोडा जीव होता तो काढून घेतलाय. मग मला विचारावंसं वाटतं, अर्थ नक्की कशातला गेलाय? आयुष्यातला की पोस्ट-एडिटिंगमधला? दोन्ही एकाच वेळी वाटत असेल, आई गेल्याचं आणि कामाचं एकमेकांत मिसळलं असेल, पण उपाय दोन्हीचे वेगळे आहेत. दुःखावर राजीनामा हा उपाय नाही आणि रटाळ झालेल्या कामावर मेटाफिजिक्स हा उपाय नाही.

तुम्ही लिहिलंय की झिमेल वाचून वाटलं सगळे साचे मोडून टाकावेत, नोकरी, दिनक्रम, संसार सगळंच साचा. इथे थोडं थांबा. झिमेलचं शेवटचं पुस्तक, १९१८ चं, तो आजारी होता आणि जाणार हे त्याला माहीत होतं तेव्हा पुरं केलेलं, त्यात तो म्हणतो की जीवन म्हणजे सतत आणखी जीवन मागणं, आणि त्याच वेळी जीवनापेक्षा जास्त असं काहीतरी घडवणं, म्हणजे कला, कायदा, घर, विचार, संस्था. हे साचे जीवनच तयार करतं, त्यांच्याशिवाय ते प्रकटच होऊ शकत नाही, मग साचा घट्ट होतो, जीवन पुढे गेलेलं असतं, आणि त्याच्याशी भांडण सुरू होतं, आणि त्या भांडणातून नवीन साचा. साचाच नको असं म्हणणाऱ्या त्या वेळच्या तरुणांबद्दल त्यानं त्याच वर्षी आधुनिक संस्कृतीच्या संघर्षावरच्या छोट्या पुस्तिकेत लिहिलंय, आणि ती धडपड त्याला पुरेपूर कळते, पण ती पुरी होणं शक्य नाही हेही तो सांगतो. म्हणून ‘साचे मोडू का’ या प्रश्नाऐवजी ‘कुठला साचा घट्ट झालाय’ हा प्रश्न घ्या. मुलाबरोबरचं नातं घट्ट झालंय का? तुम्ही पत्रात त्याच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय आणि ते प्रेमानं लिहिलंय. नवऱ्याबरोबरचं? तो नाही म्हणालेला नाही, दहावी होऊ दे म्हणालाय. जर्मन भाषेचं? तिनंच तर तुम्हाला या वर्षातून इथवर आणलं. घट्ट झालेलं मला एकच दिसतंय, ते ऑफिसचं काम.

नीत्शेबद्दल एक सांगायला हवं कारण तुम्ही त्याचा दाखला दिलाय, त्यानं स्वित्झर्लंडमधल्या बासेलची प्रोफेसरी सोडली तेव्हाच तो खरा नीत्शे झाला असं. तो २४ व्या वर्षी, १८६९ मध्ये, तिथे प्रोफेसर झाला आणि १८७९ मध्ये सोडलं हे खरं. पण सोडलं ते तब्येतीपायी, डोकेदुखी, उलट्या, डोळे इतके गेलेले की वाचवेना, आणि बासेलकडून त्याला पेन्शन मिळालं, ज्याच्यावर पुढची वर्षं निघाली. त्यानंतर सिल्स-मारिया, जेनोआ, नीस, तुरिन अशी भाड्याच्या खोल्यांमधली दहा वर्षं, ठरलेलं चालणं, ठरलेलं लिहिणं, मोजून मापून खाणं, म्हणजे साचा त्यालाही लागलाच. आणि १८८९ च्या जानेवारीत तुरिनमध्ये मन कोसळलं ते पुन्हा सावरलं नाही. त्याच्या पुस्तकांवर माझं प्रेम आहे म्हणूनच सांगते, त्याच्या आयुष्याचा नमुना घेऊ नका. त्याचं एक घ्या, १८७४ मध्ये इतिहास आणि जीवन यावर त्यानं जे लिहिलं ते, की भूतकाळ जगण्याच्या कामी यावा एवढाच घ्यावा, आणि जगायला थोडं विसरताही यावं लागतं. डिल्टाय तुम्हाला मागे बघायला लावेल, त्याच्या शेजारी हे असू द्या.

आता नाझींचं. तुमची धास्ती बिनबुडाची नाही आणि मी ती गोंजारून घालवणार नाही. या प्रवाहात एक कमजोर जागा होतीच. जगण्याची तीव्रता, तो अनुभवाचा जोर, हेच खरेपणाचं माप धरलं की मग कशाचीही तीव्रता चालते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हे उघड दिसलं. येनाचा रुडोल्फ ऑयकेन, ज्याला १९०८ चं साहित्याचं नोबेल मिळालं आणि ज्यानं त्याच वर्षी जीवनाचा अर्थ आणि मूल्य याच नावाचं पुस्तक काढलं, त्यानं जर्मन सैन्याची बाजू घेणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर सही केली. झिमेलसारखा नाजूक विचारांचा माणूसही सुरुवातीला वाहवला, युद्धानं जर्मनीचं आतून काहीतरी बदलेल असं त्याला वाटलं. सगळ्यांना एकदम अर्थ सापडला होता हो, आणि पुढच्या चार वर्षांत काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पुढे याच प्रवाहातल्या क्लागेस नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं बुद्धीला आत्म्याची शत्रू ठरवणारा मोठा ग्रंथ लिहिला, तो ज्यूद्वेष्टा होता. नीत्शेचं अर्काइव्ह त्याच्या बहिणीच्या हातात होतं आणि ती हिटलरच्या बाजूला गेली. १९५४ मध्ये हंगेरीचा मार्क्सवादी तत्त्वज्ञ लुकाच यानं, जो तरुणपणी झिमेलकडे शिकला होता, या सगळ्याला विवेकाच्या विध्वंसाचा इतिहास म्हटलं.

पण पूर्ण चित्र ते नाही. झिमेल ज्यू घराण्यातला, बाप्तिस्मा झालेला तरी १९०८ मध्ये हायडेलबर्गची प्रोफेसरी त्याला नाकारली गेली त्यात ज्यूद्वेषाचा हात होता, बर्लिनमध्ये त्याच्या लेक्चरला गर्दी व्हायची तरी पूर्ण प्रोफेसर म्हणून जागा मिळाली ती १९१४ ला, स्ट्रासबुर्गला, वय ५६. डिल्टायचा जावई आणि शिष्य गेओर्ग मिश, ज्यानं आत्मचरित्राच्या इतिहासावर आयुष्य वेचलं, त्याला नाझींनी १९३५ मध्ये ग्योटिंगेनच्या जागेवरून काढलं आणि तो १९३९ मध्ये इंग्लंडला गेला. म्हणजे एकाच प्रवाहातून छळणारेही निघाले आणि छळलेलेही. मला स्वतःला या सगळ्यात हाइनरिश रिकर्टचं १९२० चं म्हणणं पटतं, तो या मंडळींचा टीकाकार होता, की नुसतं जीवन जीवन म्हटल्यानं काय मोलाचं ते ठरत नाही, ते वेगळं ठरवावं लागतं आणि त्याला विचारच लागतो. तेव्हा पुस्तकं टाकू नका, फक्त एक कसोटी हाताशी ठेवा. जे वाचून तुम्हाला जवळच्या माणसांचं जास्त कळायला लागतं ते ठेवा. जे वाचून ती माणसं क्षुद्र, मेलेली, झोपलेली वाटायला लागतात ते काही दिवस बाजूला ठेवा.

वडिलांना काय सांगायचं? भांडू नका, त्यांना एक गोष्ट सांगा. शोपेनहाउअरच्या टेबलावर उपनिषदं होती, दारा शुकोहनं सतराव्या शतकात फारसीत करवून घेतलेली, त्यावरून एका फ्रेंच माणसानं लॅटिनमध्ये आणलेली, आणि त्यानं लिहून ठेवलंय की ती माझ्या जगण्याचा दिलासा आहेत आणि मरणाचाही असतील. नीत्शेचा शाळासोबती पॉल डॉयसेन वेदान्ताचा मोठा अभ्यासक झाला, १८९३ मध्ये मुंबईला येऊन वेदान्तावर बोलून गेला, आणि लोकमान्यांनी मंडालेत लिहिलेल्या गीतारहस्यात डॉयसेनचे दाखले आहेत. टिळकांना गीता वाचताना जर्मन पंडित अडचणीचे वाटले नाहीत. वडिलांनाही त्यांची बायको गेलीये ताई, कदाचित त्यांना एवढंच म्हणायचं असेल की माझ्याबरोबर काहीतरी वाच. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासोबत कठोपनिषद घेऊन बसा, तुम्ही मध्येच शोपेनहाउअर काय म्हणतो ते सांगा.

आता नोकरीचं नीट बोलू. लगेच राजीनामा देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, झोप परत येईपर्यंत आणि पुढे किमान सहा महिने. त्या काळात नोकरीतच दोन गोष्टी करून बघा. एक, मॅनेजरशी बोलून सगळं पोस्ट-एडिटिंग न घेता काही काम पहिल्यापासून ट्रान्सलेशनचं, किंवा टर्मिनॉलॉजीचं, किंवा नवीन लोकांना शिकवण्याचं मिळतं का बघा, तास कमी करून पगार कमी चालेल का हेही विचारा. दुसरं, साखळीचं ते न दिसणारं टोक एकदा डोळ्यांनी बघा. चाकण, रांजणगाव भागात जर्मन मशिनरी असलेले प्लांट आहेत, ओळखीतून किंवा ऑफिसतर्फे एखाद्या ठिकाणी जाऊन तुम्ही केलेलं मॅन्युअल वापरणाऱ्या माणसाशी बोला, कुठलं वाक्य त्याला कळत नाही ते विचारा. काहीच वाटलं नाही तर काम सोडायला एक खरं कारण मिळेल, आणि ते आजच्या कारणापेक्षा पक्कं असेल.

फिलॉसॉफी शिकायची इच्छा मात्र मला खरी वाटते, ती दाबू नका. जर्मनीला जायचं म्हटलं तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्युशन फी नसते, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडते, पण व्हिसासाठी वर्षाचे जवळपास बारा हजार युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात, आणि फिलॉसॉफीच्या मास्टर्सला बहुतेक ठिकाणी आधी त्याच विषयातलं शिक्षण मागतात. तुमचं भाषेचं अडणार नाही, पैशाचं आणि विषयाचं अडेल, आणि मुलगा आठवीत आहे. इग्नूचं फिलॉसॉफीचं एमए कुठल्याही पदवीधराला नोकरी सांभाळून करता येतं. ते आत्ता सुरू केलंत तर मुलाची दहावी होईपर्यंत हातात एमए असेल, आणि तेव्हा जर्मनीचा विचार आजच्यापेक्षा भक्कम पायावर करता येईल. नवऱ्याला ‘मला जायचंय, तू अडवतोयस’ असं न म्हणता ही दोन वर्षांची योजना घेऊन बसा. त्याला बहुतेक भीती ही आहे की तुम्ही घरापासून दूर चाललात, आणि आईच्या जाण्याबद्दल तुम्ही त्याच्याशी किती बोललात हेही मला पत्रातून कळलं नाही. फिलॉसॉफीच्या आधी ते बोला.

एक काम घरी करण्यासारखं आहे, आणि हे अशाच प्रश्नात अडकलेल्या बाकीच्या वाचकांनाही सांगते. डिल्टायला आत्मचरित्र हा आयुष्य समजून घेण्याचा सगळ्यात थेट मार्ग वाटायचा, संत ऑगस्टीन, फ्रेंच विचारवंत रूसो आणि जर्मन कवी गटे ही त्याची उदाहरणं. आपल्याला पुस्तक लिहायचं नाहीये. वहीत चार-पाच पानं, आपल्या भाषेत, तुमच्या बाबतीत मराठीत, जर्मन नको आणि इंग्रजी नको, कारण ऑफिसचा हात त्यात येईल. जन्मापासून सुरू करू नका, जो प्रसंग मनात वर आहे तिथून करा, आणि त्याच्या मागे-पुढे जे जोडलं जाईल तेवढंच. अर्थ काय हे लिहूच नका, काय झालं आणि तेव्हा काय वाटलं एवढं लिहा. मग वही बंद करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा त्याच प्रसंगावर, आधीचं न वाचता, लिहा. दोन्ही शेजारी ठेवलीत की काय हललं ते दिसतं. लिहिताना त्रासच वाढत असेल, आठवणी काढून काढून रात्र जात असेल, तर थांबा आणि ते डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांगा.

वाचन एकट्यानं नको. पुण्यात जर्मन येणाऱ्यांची कमी नाही, तुमच्याच क्षेत्रात पोस्ट-एडिटिंगला वैतागलेले तुमच्यासारखे दोन-चार तरी असतील, त्यांना विचारा आणि पंधरा दिवसांतून एकदा बसा, एका वेळी दोन पानांपेक्षा जास्त नको. क्लागेस सध्या राहू द्या. डिल्टायच्या त्या २६ खंडांतला सातवा, ज्यात ती शेवटच्या वर्षांतली टिपणं आहेत, तो हळूहळू, रिकर्ट त्याच्या शेजारी ठेवून, नीत्शेचा १८७४ चा निबंध मध्ये कधीतरी. सुरुवात झिमेलच्या महानगर आणि मानसिक जीवनावरच्या १९०३ च्या निबंधानं करा, तो छोटा आहे, बर्लिनसारख्या मोठ्या शहरांवर आहे, आणि रोज ट्रॅफिकमधून ऑफिसला जाणाऱ्या कुणालाही त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ सापडतं.